नोंद पुसण्यापूर्वीं

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनीं हाताळल्या असतील, त्यांना हरताळाचा उपयोग ठाऊक असेल. लेखकाच्या हातून एकादें अक्षर चुकलें म्हणजे तो त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई, आणि लेप वाळला म्हणजे त्याच जागीं शुद्ध अक्षर लिही. 'हरताळ फासणें' हा आपला वाक्प्रचार त्या पुसण्यांतूनच आलेला आहे. परंतु गंमत अशी कीं, काळ लोटला म्हणजे त्या लेपाची कधीं कधीं खपली पडते, आणि खालचें चुकलेलें अक्षर पुन्हा डोकें वर काढतें.

आजच्या कचेऱ्यांतून रोजकीर्द-खतावण्या गेल्या, हजेरीचे पट गेले. त्यांची जागा संगणकानें घेतली. नोकरवर्गाच्या नोंदी ठेवण्यासाठीं जें सॉफ्टवेअर वापरतात, आणि ज्याला कचेरीच्या बोलण्यांत नुसतें 'एच. आर. सिस्टीम' म्हणतात, त्यांत 'डिलीट' नांवाचें एक बटण असतें. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नांवासमोर तें दाबलें कीं नांव पडद्यावरून नाहींसें होतें. हें कृत्य इतकें सोपें आहे कीं, तें करणाऱ्याला आपण कांहीं केलें असें वाटतहि नाहीं. त्या दाबण्यानें खरोखर काय होतें आणि काय होत नाहीं, तें आज सांगण्याचा विचार आहे. विषय रुक्ष खरा. पण ज्या घराची चूल महिन्याच्या पगारावर पेटते, अशा प्रत्येक घराचा त्याच्याशीं संबंध आहे.

प्रथम नोंद म्हणजे काय तें पाहूं. नोंद म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एकादी जाडजूड फाईल उभी राहते: वर नांव, आंत अर्ज, नेमणुकीचें पत्र, रजेचे कागद. संगणकांत अशी फाईल एके ठिकाणीं बहुधा नसते. १९७० सालीं आय. बी. एम. कंपनींतील संशोधक एडगर कॉड यांनीं माहिती कोष्टकांत मांडण्याची एक पद्धति प्रसिद्ध केली. आज हिशेबाच्या व नोकरवर्गाच्या बहुतेक सॉफ्टवेअरचा पाया तीच आहे. या पद्धतींत माणसाचें नांव व जन्मतारीख एका कोष्टकांत, पगार दुसऱ्यांत, रजा तिसऱ्यांत, हजेरी चवथ्यांत, आणि कोण कोणाच्या हाताखालीं हें पांचव्यांत, अशी वाटणी असते. व या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे त्या माणसाचा क्रमांक. नांव एकदांच लिहिलेलें असतें. क्रमांक मात्र शेंकडों ठिकाणीं असतो.

आतां नांवाची ओळ खोडली तर बाकीच्या ठिकाणच्या त्या क्रमांकाचें काय व्हावें? यंत्राला तें तीन प्रकारांनीं सांगून ठेवतां येतें. एक असा कीं, तो क्रमांक दुसरीकडे कोठेंहि वापरलेला आहे तोंवर नांव खोडूंच द्यावयाचें नाहीं. दुसरा असा कीं, नांवाबरोबर त्याचें सर्व गणगोत, म्हणजे पगार, रजा, हजेरी, एकदम बुडवावयाचें. तिसरा असा कीं, क्रमांकाची जागा कोरी करून ठेवावयाची. पहिल्या प्रकारानें कारकुनाचा खोळंबा होतो व तो चिडतो. परंतु तोच सर्वांत सुरक्षित. दुसऱ्या प्रकारानें एका बटणासरशीं मागील कित्येक वर्षांच्या पगाराच्या बेरजा बदलतात, आणि आयकर-खात्याकडे पूर्वीं पाठविलेल्या आंकड्यांशीं त्यांचा मेळ बसेनासा होतो. तिसऱ्या प्रकाराची मौज निराळी. गेलेला गृहस्थ अधिकारी असला तर त्याच्या हाताखालचीं माणसें निर्नायकी होतात, आणि त्यांचे रजेचे अर्ज कोऱ्या जागेकडे जाऊन पडतात. दिवाळीला गांवीं जाऊं इच्छिणारा मनुष्य मंजुरीची वाट पाहत बसतो, आणि अर्ज कोणापाशीं अडकला आहे तें कोणालाच सांगतां येत नाहीं.

यासाठींच जाणत्या मंडळींनीं रचलेल्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्यें 'डिलीट' हें बटण नांवापुरतेंच असतें. तें दाबल्यानें ओळ पुसली जात नाहीं. 'पुसली असें समजावें' एवढी एक खूण तिच्यावर होते, आणि पडदा ती ओळ दाखविण्याचें थांबवितो. हा अगदीं पोथींतला हरताळच. खरें पुसणें ही वेगळी क्रिया असते, व ती मुद्दाम अवघड करून ठेवलेली असते. ऑरेंज एच. आर. एम. नांवाचें एक सॉफ्टवेअर आहे. त्याची एक आवृत्ति कोणालाहि मोफत घेतां येते. त्यांत कायमचें पुसण्याची सोय एका स्वतंत्र दालनांत ठेवलेली आहे. तेथें शिरतांना परवलीचा शब्द पुन्हा द्यावा लागतो, आणि जो आधींच सेवेंतून मुक्त झाला असें नोंदलेलें आहे, त्याचीच माहिती तेथें पुसतां येते. मला ही रचना शहाणपणाची वाटते. मनुष्याला दुसऱ्यांदा विचार करावयास लावणारें यंत्र विरळा.

येथें आणखी एक घोटाळा नेहमीं होतो, तो सांगून टाकतों. नोकर गेला त्या दिवशीं त्याचा प्रवेश बंद झालाच पाहिजे. टपालपेटी, दाराचा पास, संगणकांत शिरण्याची परवानगी, सर्व त्याच सायंकाळीं. पण हें किल्ली परत घेण्यासारखें आहे. किल्ली घेतली म्हणजे वहींतलें नांवहि खोडावें असें कांहीं नाहीं. पुष्कळ कारकून या दोन गोष्टींत फरक करीत नाहींत, आणि घाईनें नोंदच काढून टाकतात. त्याहून वाईट म्हणजे मोकळा झालेला क्रमांक नव्या उमेदवाराला देतात. मग नव्या माणसाच्या नांवावर जुन्याची शिल्लक रजा दिसूं लागते. क्रमांक एकदां दिला तो दिला. तो पुन्हा कोणाला देऊं नये.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगतों. मीं अनेक वर्षें खाजगी कारखान्यांच्या नोकरवर्ग-खात्यांत काम केलें. एका कारखान्यांत आम्हीं जुनें सॉफ्टवेअर टाकून नवें घेतलें. माहिती नव्यांत नेतांना प्रश्न आला कीं, सोडून गेलेल्या माणसांच्या नोंदी न्यावयाच्या कीं नाहींत. विकणारी मंडळी नोंदींच्या संख्येवर आकार घेत असत. 'गेलेल्यांचें ओझें कशाला?' असें मींच म्हटलें. आणि चालू नोकरांपुरत्या नोंदी नेऊन आम्हीं जुनें यंत्र मोडींत काढलें. कागदावर सही माझी होती.

दोन वर्षांनीं एक गृहस्थ आले. आमच्याकडे ते टर्नर म्हणून तीन वर्षें दहा महिने होते, आणि पुढें दुसरीकडे सहा वर्षें आठ महिने. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेप्रमाणें मासिक निवृत्तिवेतनाचा हक्क येण्यास दहा वर्षांची सेवा भरावी लागते. दोन्ही नोकऱ्या जोडल्या तर ती भरत होती. न जोडल्या तर नव्हती. प्रॉव्हिडंट फंडाच्या दप्तरीं आमच्याकडील खात्यावर त्यांची जन्मतारीख चुकीची लागली होती व नांवहि अपुरें होतें, त्यामुळें दोन खातीं एकाच माणसाचीं आहेत हें जुळत नव्हतें. दुरुस्तीसाठीं मालक व नोकर या दोघांच्या सह्यांचें घोषणापत्र हवें होतें. मालकानें सही करावयाची ती कशाच्या आधारानें? 'साहेब, तुमच्या मशीनमध्यें बघा, त्यांत सगळं असेल,' असें ते मोठ्या विश्वासानें म्हणाले. मीं त्यांच्यासमोर नांव घालून शोधलें. पडद्यावर उत्तर उमटलें कीं, अशा नांवाचा कर्मचारी नाहीं. मीं पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला.

काम शेवटीं झालें. पण त्याला सात महिने लागले, आणि झालें तें आमच्यामुळें नव्हे. त्यांच्या पत्नीनें पगाराच्या सर्व चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जपून ठेवल्या होत्या. त्यांवरून तारखा मिळाल्या व त्यांचा तिकीट-नंबर मिळाला. आणि त्या नंबरावरून लेखाविभागाच्या माळ्यावर बांधून ठेवलेल्या जुन्या पगारपत्रकांत त्यांचें नांव सांपडलें. इतकीं वर्षें ह्या चिठ्ठ्या कशासाठीं ठेवल्या, असें मीं त्या बाईंना विचारलें. त्या म्हणाल्या, 'पगार वाढला असं हे सांगायचे, तो खरंच वाढला का ते बघायला.'

माझ्या निष्काळजीपणानें एका माणसाचें झालें, तें जपानांत कोट्यवधींचें झालें. तेथें १९९७ सालीं प्रत्येकाला निवृत्तिवेतनाचा एकच कायमचा क्रमांक देण्यांत आला, आणि पूर्वींच्या निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी त्याला जोडावयाच्या होत्या. २००७ सालीं उघडकीस आलें कीं, सुमारें पांच कोटि नोंदी कोणाच्या तेंच कळत नाहीं. कागदावरून संगणकांत उतरतांना नांवांचे उच्चार चुकले होते, जन्मतारखा चुकल्या होत्या, आणि लग्नानंतर आडनांव बदललेल्या स्त्रियांच्या नोंदी तशाच लोंबकळत राहिल्या होत्या. मूळ वह्यांवरून ताळा पाहावा, तर कित्येक नगरपालिकांनीं जुन्या नामावल्या 'आतां संगणकांत सर्व आहे' म्हणून टाकून दिलेल्या. त्या वर्षीं जुलैंत झालेल्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकींत सत्ताधारी पक्षाचा मोठा पराभव झाला, त्याच्या कारणांत हें एक ठळक कारण होतें. आणि तें खातेंच पुढें मोडून २०१० सालीं नवी संस्था उभारावी लागली.

मग काय, सर्व कांहीं कायमचें जपून ठेवावें? तसें म्हणणारे पुष्कळ भेटतात. जागा स्वस्त आहे, यंत्र कुरकुरत नाहीं, मग पुसा कशाला, असा त्यांचा कोटिक्रम. त्यांनीं न्युरेंबर्गची हकीगत ऐकावी. एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीचें तेथें एक सेवाकेंद्र होतें. निदान २०१४ पासून तेथील वरिष्ठ मंडळी रजेवरून परत आलेल्या माणसाशीं आपुलकीनें गप्पा मारीत, आणि मग त्या गप्पा टिपून संगणकांत ठेवीत. सुट्टींत कोठें गेला होतां, आजार काय होता, वैद्यांनीं काय सांगितलें, घरांत भांडण कशावरून, देवधर्माविषयीं मत काय, असलीं टिपणें वर्षानुवर्षें सांठत गेलीं, आणि जवळ जवळ पन्नास अधिकारी तीं वाचूं शकत. कोणाला वाढ द्यावी, कोणाला ठेवावें, हें ठरवितांना त्यांचा उपयोग होई. २०१९ च्या ऑक्टोबरांत यंत्राच्या मांडणींतील एका चुकीमुळें हें सारें भांडार कांहीं तास कंपनींतील सर्वांनाच दिसलें, आणि तेव्हां कोठें ज्यांच्याविषयीं तें होतें त्यांना कळलें. हांबुर्गच्या विदासंरक्षण अधिकाऱ्यानें २०२० सालीं कंपनीला साडेतीन कोटि युरोंहून अधिक दंड केला. कंपनीनें चूक कबूल करून नोकरांना भरपाईहि देऊं केली. पण मनांत येतें तें असें कीं, ज्यानें विश्वासानें आपल्या मुलाचें दुखणें वरिष्ठाला सांगितलें, तो पुढें कोणाला कांहीं सांगेल काय?

म्हणजे नोंद ठेवणें हेंहि अन्यायाचें होऊं शकतें, आणि पुसणें हेंहि. माझ्या मतें चूक एकाच ठिकाणीं आहे. माणसाची नोंद ही एक अखंड वस्तु आहे, ती सबंध ठेवावी किंवा सबंध टाकावी, अशी आपली समजूत असते. ती अनेक तुकड्यांची आहे, आणि प्रत्येक तुकड्याचें आयुष्य वेगळें आहे. हजेरीसाठीं घेतलेले बोटांचे ठसे नोकरी सुटल्यावर एक दिवसहि ठेवण्याचें कारण नाहीं. बँकेच्या खात्याचा नंबर शेवटचा हिशेब चुकता होईपर्यंत लागतो. पगाराचीं पत्रकें कायदा सांगेल तितकीं वर्षें ठेवावींच लागतात. १९३६ च्या वेतनविषयक कायद्यांत पुढें घातलेल्या कलमानें ही मुदत शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षें होती. सेवा कोणत्या तारखेस सुरू झाली आणि कोणत्या तारखेस संपली, या दोन ओळी मात्र माणूस निवृत्त होऊन त्याच्या वारसांचा हक्क मिटेपर्यंत हव्यात. कांहीं कागदांचें आयुष्य तर आणखी लांब. अमेरिकेंत घातक द्रव्यांशीं संबंध आलेल्या कामगाराच्या वैद्यकीय नोंदी सामान्यतः नोकरी संपल्यावर तीस वर्षें राखाव्या लागतात, आणि ब्रिटनमध्यें अशा आरोग्य-नोंदींची मुदत चाळीस वर्षांची आहे. ॲसबेस्टॉसच्या धुळीनें होणारा कर्करोग पुष्कळदां तीस-चाळीस वर्षांनीं प्रकट होतो. त्या वेळीं कारखाना उरलेला नसतो, सोबती उरलेले नसतात, कागदच काय तो साक्षीला असतो.

कायद्याचा कलहि याच बाजूचा आहे. युरोपीय संघाचा जो विदासंरक्षण-नियम २०१८ च्या मे महिन्यांत लागू झाला, त्यानें माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला, आणि जेथें दुसरा कायदा ती ठेवण्यास सांगतो तेथें तो हक्क आवरूनहि घेतला. आपल्याकडे २०१७ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें ठरविलें. पुढें २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला, व त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले. मुख्य कर्तव्यांसाठीं संस्थांना अठरा महिन्यांची मुदत त्यांत ठेवलेली आहे. तो कायदाहि थोडक्यांत हेंच सांगतो: ज्या हेतूनें माहिती घेतली तो हेतु संपला कीं ती पुसावी, दुसऱ्या कायद्यासाठीं ठेवणें भाग असेल तर तेवढी ठेवावी.

आतां समजा कीं, काय पुसावयाचें तें नीट ठरलें, अधिकार असलेल्यानें तें पुसलें, खरोखर पुसलें. संपलें काय? नाहीं. प्रत्येक कचेरी रात्रीं आपल्या माहितीची एक प्रत काढून ठेवते, तिला बॅकअप म्हणतात. आग लागली, यंत्र बिघडलें, तर उपयोगी पडावी म्हणून. पुसलेला मनुष्य त्या जुन्या प्रतींत जिवंतच असतो. उद्यां यंत्र कोसळलें आणि गेल्या महिन्याची प्रत लावली, तर तो पुन्हा पटावर हजर. त्यावर उपाय एकच: कोणाकोणाला पुसलें त्यांच्या क्रमांकांची एक यादी वेगळी ठेवावयाची, आणि जुनी प्रत लावल्याबरोबर त्या यादीप्रमाणें पुन्हा पुसावयाचें. विसरण्यासाठीं कांहीं तरी लक्षांत ठेवावें लागतें, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. यादींत नांव मात्र लिहूं नये. नाहीं तर पुसलें काय?

शिवाय यंत्राबाहेरच्या प्रती निराळ्याच. पगाराचें कोष्टक दरमहा बँकेकडे जातें, विम्याच्या कंपनीकडे जातें, कोणी तरी तें स्वतःच्या टपालांत ठेवतें, कोणी घरीं काम करावें म्हणून उतरून नेतें. 'डिलीट' बटणाचा हात तेथवर पोंहोंचत नाहीं. मीं एकदां पुसलेल्या एका माणसाचा पत्ता व पगार मला एका सहकाऱ्याच्या वाढदिवसांच्या यादींत सांपडला होता. यादी वाढदिवसांची, तींत पगार कशाला होता, हें देव जाणे.

इतिहासकार मित्र मला येथें टोकतील, हें मी जाणून आहें. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद कोणी वेळोवेळीं 'हेतु संपला' म्हणून पुसून टाकले असते, तर गोविंद सखाराम सरदेसाई यांना १९३० पासून पुढें निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढतां आले नसते. शिलेदाराचा रोजमुरा आणि कारकुनाची बदली यांतूनच आज तो काळ आपल्याला दिसतो. आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझ्यापाशीं पुरें उत्तर नाहीं. इतकेंच म्हणतां येईल कीं, नांवें काढून आंकडे ठेवतां येतात: किती माणसें होतीं, कोणत्या कामावर, किती पगारावर. भावी संशोधकाला तेवढ्यावर भागवावें लागेल. न्युरेंबर्गच्या कामगाराचें दुखणें त्याच्या उपयोगी पडेल म्हणून तें जपावें, असें मला वाटत नाहीं.

राहतां राहिला घरचा प्रश्न. कचेरीनें काय पुसावें हें आपल्या हातीं नाहीं. आपल्या ट्रंकेंत काय ठेवावें हें आहे. नेमणुकीचें पत्र, कार्यमुक्तीचें पत्र, दर वर्षाचा फॉर्म १६, आणि पगाराच्या चिठ्ठ्या, निदान प्रत्येक नोकरींतील पहिली व शेवटची. प्रॉव्हिडंट फंडाचा बारा आंकडी क्रमांक २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच मिळतो. त्याला मागच्या सर्व नोकऱ्या जोडल्या आहेत कीं नाहींत, आणि नांव व जन्मतारीख सर्वत्र एकसारखी आहे कीं नाहीं, हें चालू नोकरी सोडण्यापूर्वींच पाहावें. चिठ्ठ्या आतां कागदावर येत नाहींत, त्या कचेरीच्या पडद्यावरच दिसतात. म्हणून त्या उतरून घेण्याचें काम शेवटच्या दिवसावर टाकूं नये. त्या सायंकाळीं किल्ली परत गेलेली असते, आणि मग स्वतःचा पगारहि आपल्याला पाहतां येत नाहीं.